कुंपणावरचा बुलबुल

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीला माणसे मोर पाहायला जातात. पहाटेच निघायचे, चिंचांच्या झाडांखाली दबा धरून उभे राहायचे आणि मोर दिसला की एकमेकांना कोपराने ढोसायचे. त्याच वेळी त्याच चिंचेच्या शेंड्यावर काळ्या डोक्याचा, डोक्यावर बारीकसा तुरा असलेला एक पक्षी बसलेला असतो आणि मोकळ्या गळ्याने बोलत असतो. त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. पाहायचे कशाला? घरी परतल्यावर अंगणातल्या तारेवरही तोच बसलेला असणार.

हा बुलबुल. पूर्ण नाव लालबुड्या बुलबुल. नाव जरा गावरान वाटेल, पण ते अगदी चोख आहे. पुढे त्याचा खुलासा होईलच.

आधी त्याच्या नावाचा एक गोंधळ मिटवला पाहिजे. फारसी आणि उर्दू काव्यात गुलाबाच्या प्रेमात पडून रात्रभर आळवणी करणारा जो बुलबुल आहे तो हा नव्हे. इराणातला तो गवई म्हणजे नाइटिंगेल. रंगाने अगदी साधा, तपकिरी, पण गळा असामान्य. तो आपल्याकडच्या बागांत नसतो. फारसीबरोबर शब्द मात्र इकडे आला आणि आपल्या या तुरेवाल्या पक्ष्याला चिकटला. मग बोटांनी कळा दाबून वाजवायच्या तंतुवाद्याला आपण बुलबुलतरंग म्हणू लागलो, शाळेतल्या लहान मुलींच्या पथकाला 'कब-बुलबुल' मधला बुलबुल म्हणू लागलो. उसन्या कीर्तीवर आपला बुलबुल गेली कित्येक शतके मिरवतो आहे. गाण्याच्या बैठकीत दयाळाशी त्याची बरोबरी होणार नाही, हे मान्य केलेले बरे. बुलबुलाचे गाणे म्हणजे दोन-तीन सुरांचे छोटे तुकडे, पुन्हा पुन्हा, पण उत्साहाने म्हटलेले. उजाडायच्या आत जाग आली तर ऐका. सकाळ झाली याचा एवढा आनंद दुसऱ्या कोणाला झालेला मी ऐकलेला नाही.

नावाचा दुसरा गोंधळ शास्त्रज्ञांनी केला. स्वीडनच्या लिनियसने १७६६ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव देताना 'काफर' असा शब्द वापरला. तो आला दक्षिण आफ्रिकेतल्या केप ऑफ गुड होपवरून. हा पक्षी तिकडचा आहे असा त्याचा समज झाला होता. प्रत्यक्षात तो भारत, श्रीलंका आणि आसपासच्या देशांतला. चूक पुढे लक्षात आली, पण शास्त्रीय नावांच्या नियमात एकदा बसलेले नाव सहसा उठत नाही. आज जगभरातल्या पुस्तकांत आपला बुलबुल 'पिक्नोनोटस काफर' या नावानेच आहे.

आता रूप. चिमणीपेक्षा मोठा, साळुंकीपेक्षा लहान आणि सडपातळ. चोचीपासून शेपटीच्या टोकापर्यंत वीस सेंटिमीटर, वजन तीस-चाळीस ग्रॅम. डोके आणि गळा काळा. डोक्यावरचा तुरा आखूड; पक्षी निवांत असला की दिसतही नाही, दचकला की उभा राहतो. अंग मातकट तपकिरी, पण पिसांच्या कडा फिकट असल्याने पाठीवर आणि छातीवर खवल्यांसारखी नक्षी दिसते. शेपटी काळी, तिचे टोक पांढरे. उडताना शेपटीच्या मुळाशी पाठीवर पांढरा पट्टा चमकतो. दूरवरून ओळखायची ही उत्तम खूण. आणि शेपटीखाली, बुडाशी, कुंकवासारखा लाल ठिपका. लालबुड्या नाव यावरून. नर आणि मादी दिसायला सारखेच, त्यामुळे जोडीतला कोण कोणता हे मला अजूनही सांगता येत नाही. पिल्ले मात्र फिक्या रंगाची असतात आणि त्यांची लाली पूर्ण चढलेली नसते.

पुण्याच्या पश्चिमेला गेलात, मुळशी, लोणावळा, महाबळेश्वर या बाजूला, तर त्याचा भाऊबंद भेटतो, शिपाई बुलबुल. त्याचा तुरा टोकदार, शिपायाच्या टोपीसारखा ऐटीत उभा. पोट पांढरे आणि गालावर लाल ठिपका. त्याला पाऊस आणि झाडोरा लागतो. जसजसे पूर्वेला यावे, वाघोली मागे टाकून शिरूरकडे किंवा उरुळी कांचन मागे टाकून दौंडकडे, तसतसा शिपाई कमी होतो आणि लालबुड्याचे राज्य सुरू होते.

शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. मूळचा मुलूख माळरानाचा: कुसळी गवत, मधूनच बाभूळ, हिवर, बोर, तरवड. मग भीमा, घोड आणि मुळा-मुठेवर धरणे झाली, कालवे आले, आणि त्यांच्या दुतर्फा ऊस आला. एकाच तालुक्यात चार किलोमीटरवर उजाड माळ आणि गच्च ऊस अशी दोन जगे दिसतात. बुलबुल या दोहोंच्या मधला प्राणी आहे. निव्वळ माळ त्याला नको, तिथे चंडोल आणि धाविक राहतात. जवळच, बारामती तालुक्यातल्या सुप्याच्या मयुरेश्वर अभयारण्यात चिंकारा पाहायला गेलात तर हे पक्षी भेटतील. निव्वळ ऊसही त्याला नको, कारण उसाच्या पात्याला घरटे टिकत नाही. त्याला लागते झुडूप. पुरुषभर उंचीचे, दाट, फांद्यांची जाळी असलेले, आणि जवळपास चार फळे आणि थोडे किडे. म्हणजे शेताचा बांध, वस्तीचे कुंपण, शाळेच्या आवारातली मेंदी, दौंडच्या रेल्वे वसाहतीतल्या जुन्या बागा. माणसाने स्वतःसाठी जे लावले तेच नेमके त्याला मानवले. म्हणून तो आपल्याला चिकटून राहतो.

खाण्यात तो फळांचा माणूस. वड, पिंपळ, उंबर पिकले की तिथे त्याची पंगत असते. पळस-पांगारा फुलला की फुलांतला रस. त्याची ही फळांची ओढ नुसत्या जिभेची नाही. बहुतेक प्राणी आणि पक्षी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करतात. माणसाला ते जमत नाही, म्हणून आपण लिंबू-आवळा खातो. १९५८ साली रॉय आणि गुहा या दोन भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवले की लालबुड्या बुलबुलालाही ते जमत नाही. आवळ्याच्या बाबतीत तो आणि आपण एकाच रांगेत बसलेलो आहोत.

आणि मिरची. पिकलेली लाल मिरची तो मिटक्या मारत खातो. मिरचीचा जाळ ज्या द्रव्यामुळे होतो ते पक्ष्यांना जाणवतच नाही. आपल्याला नाकातोंडातून पाणी आणणारी लवंगी त्याला गोड फळासारखी. बी त्याच्या पोटातून जसेच्या तसे बाहेर पडते. कुंपणाकडेला, तारेच्या खाली, कोणी न लावता मिरचीचे रोप उगवलेले दिसले तर ते लावणारा कोण याचा अंदाज करायला हरकत नाही. मात्र याच मार्गाने तो घाणेरीचे बीही पसरवतो, आणि घाणेरीने किती रान गिळले ते गुराख्यांना विचारा. फुकट माळीकाम करणाऱ्याला रोपे निवडून लावायला सांगता येत नाही.

बागायतदारांची त्याच्याविषयीची तक्रार खरी आहे. दौंड तालुक्यातले खोर हे गाव अंजिरासाठी प्रसिद्ध. अंजीर पिकायला आले की बुलबुल माणसाच्या आधी हजर. पूर्ण फळ खाईल तर एक वेळ चालेल, पण तो एकाला चोच मारतो, दुसऱ्याला मारतो, आणि टोचलेले फळ बाजारात चालत नाही. तडकलेल्या डाळिंबावरही तो येतो. ज्याच्या घरची दिवाळी त्या फळावर अवलंबून आहे त्याला पक्षीप्रेमाचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. एवढेच सांगता येईल की तोच बुलबुल पिल्ले घरट्यात असताना दिवसभर अळ्या आणि किडे वेचत असतो, आणि पहिल्या पावसानंतर वाळवीला पंख फुटून ती हवेत उठते तेव्हा तिच्यावर तुटून पडणाऱ्यांत तो पुढे असतो. जमाखर्च कोणत्या बाजूला झुकतो हे बागेवर आणि महिन्यावर ठरते.

बाहेरच्या देशांत मात्र हा जमाखर्च उघड तोट्याचा ठरला आहे. १९०३ च्या सुमारास बुलबुल फिजी बेटांवर पोचला. उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेल्या आपल्या लोकांनी तो बरोबर नेला असे सांगतात. मायदेशाची आठवण म्हणून पिंजऱ्यातून नेलेला पक्षी असावा. ज्यांनी नेला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. तिथून तो पॅसिफिकच्या इतर बेटांवर गेला, १९६० च्या दशकात हवाईतल्या ओआहू बेटावरही. तिथे त्याने ऑर्किडच्या बागांची नासाडी केली, ताहितीत मिकोनिया नावाच्या उपद्रवी झाडाचे बी डोंगरोडोंगरी पसरवले. जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जिवांची जी यादी २००० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या तज्ज्ञांनी केली, तिच्यात आपला बुलबुल आहे आणि आपली साळुंकीही आहे. इथे त्याला पोटभर शत्रू आहेत, तिथे नव्हते. फरक एवढाच.

शत्रू म्हटले की घरट्याचा विषय येतो, आणि तिथे मला माझी एक चूक सांगायची आहे.

आमच्या दौंडच्या घराला मेंदीचे कुंपण आहे. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलै महिना, चांगला पाऊस झालेला, मेंदी बेसुमार वाढलेली. रविवारी कात्री घेतली आणि छान एकसारखी छाटून काढली. शेवटच्या दोन हातांवर आलो तेव्हा एक बुलबुल माझ्या डोक्यापासून वीतभर अंतरावरून ओरडत गेला. पाहतो तो फांदीच्या बेचक्यात वाटीएवढे घरटे, आणि आत तीन अंडी. घरट्याला मी हात लावला नव्हता, पण त्याच्यावरचे छप्पर माझ्या हातात होते. घरातल्या मंडळींना वाटले, एवढे काय, घरटे तर शाबूत आहे. मलाही तसेच वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज कुंपणावर उतरला. भारद्वाजाचे दर्शन आपण शुभ मानतो. त्याने शांतपणे, घाई न करता, एकेक अंडे उचलले. बुलबुलाची जोडी त्याच्या डोक्यावर चोचा मारत होती. तो दहा मिनिटांत निघून गेला.

तेव्हापासून मी या पक्ष्याचे घरटे नीट पाहायला शिकलो.

दख्खनच्या या कोरड्या भागात त्याचा विणीचा हंगाम उन्हाळ्यापासून सप्टेंबरपर्यंत चालतो, आणि भर असतो पावसाच्या महिन्यांत. कारण सरळ आहे: पाऊस पडला की पाला फुटतो, पाला फुटला की अळ्या येतात, आणि पिल्लांना मऊ अन्न लागते. जागा शोधायची झाली की जोडी झुडपात शिरते, बाहेर येते, पुन्हा शिरते. आपल्याला वाटते खेळ चालला आहे. घरटे जमिनीपासून बहुधा दोन-तीन मीटरच्या आत, पुष्कळदा आपल्या छातीच्या उंचीवर. बारीक काटक्या, मुळ्या, गवताच्या काड्या, आणि बांधायला कोळ्याचे जाळे. अलीकडे त्यात पोत्याचे दोरे, प्लॅस्टिकच्या पट्ट्या, तारेचे तुकडेही सापडतात. कारागिरी सुगरणीची नाही, पण चार-पाच दिवसांत उभे राहते आणि महिनाभर टिकते. त्याला तेवढेच हवे.

जागेच्या बाबतीत तो कधी कधी भलतेच धाडस करतो. पोर्चमधल्या दिव्यावर, टांगलेल्या कुंडीत, मनीप्लँटच्या वेलात घरटे केल्याचे पुष्कळांनी पाहिले असेल. पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींत याहून अजब प्रकार आहेत. एका जोडीने रोज धावणाऱ्या बसमध्ये घरटे केले होते, आणि एक घरटे तर पाण्यावर तरंगणाऱ्या जलपर्णीवर सापडले होते. मुळा-मुठेने भीमेत आणून सोडलेली जलपर्णी पाहिली की मला ही नोंद आठवते.

अंडी दोन किंवा तीन. रंग फिकट गुलाबी, त्यावर लालसर-जांभळे ठिपके, रुंद टोकाकडे जास्त दाट. सुमारे चौदा दिवसांनी पिल्ले बाहेर येतात, उघडीबोडकी, डोळे मिटलेली, नुसती तोंडे. मग आई-बाप दोघेही कामाला लागतात. अळ्या, नाकतोडे, कोळी, पुढे पिकलेली फळे, एखादे वेळी पालीचे पिल्लूसुद्धा. घास भरवून झाला की पालक क्षणभर थांबतो. पिल्लू मागे वळते आणि पांढऱ्या पातळ पिशवीत बांधलेली विष्ठा बाहेर टाकते. पालक ती चोचीत घेतो आणि गिळून टाकतो. किळस वाटून घेऊ नका. घरट्याखाली पांढरा सडा पडला तर मांजराला पत्ता सापडेल. ही त्याची स्वच्छता जिवावरची आहे.

बारा-तेरा दिवसांत पिल्ले घरटे सोडतात. पंख पुरते तयार नसतात, शेपटी म्हणजे नुसता खुंट, उडणे म्हणजे या फांदीवरून त्या फांदीवर पडणे. घरट्यात जितके जास्त दिवस तितका धोका जास्त, म्हणून ही घाई. भारद्वाज, कावळा, टकाचोर, सरडा, धामण, मांजर, मुंगूस, सगळ्यांना या पत्त्यात रस असतो. बुलबुल लढतो, आरडाओरडा करून शेजारपाजार गोळा करतो, कधी पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला दूर नेतो. तरीही कितीतरी घरटी बुडतात. म्हणून एका हंगामात तो पुन्हा पुन्हा मांडतो. हरणे त्याने हिशेबात धरलेले आहे. दाट झुडूप मिळणार नाही हे मात्र त्याच्या हिशेबात नाही.

आणि ते कमी होते आहे. पूर्वी बांधावर शेर, घायपात, निवडुंग, बोरी-बाभळी असत. आता कालव्याच्या पट्ट्यात उसाची एक सरी जास्त बसावी म्हणून बांध तासून वीतभर करतात. वस्तीभोवती सिमेंटचे खांब आणि काटेरी तार येते. पुणे-नगर आणि पुणे-सोलापूर या दोन्ही रस्त्यांच्या कडेने बंगल्यांच्या वसाहती उठल्या, त्यांत हिरवळ आहे, खजुरासारखी शोभेची झाडे आहेत, पण घरटे लपवील असे काही नाही. बुलबुल संपत चाललेला नाही, उगाच भीती घालत नाही. तो अजून सर्वत्र आहे. पण जो पक्षी झुडूप न मिळाल्याने दिव्याच्या होल्डरवर घरटे बांधतो त्याची अडचण आपल्याला कौतुकासारखी दिसते.

श्रोते नेहमी विचारतात, आम्ही काय करायचे? थोडेच करायचे आहे. कुंपणाची छाटणी मे महिन्याच्या आधी किंवा दसरा-दिवाळीच्या सुमारास उरका. मधल्या काळात करावीच लागली तर आधी दहा मिनिटे दूर बसून पाहा. चोचीत काही घेऊन पक्षी एकाच जागी शिरत असेल तर तेवढा भाग सोडा. मृग बहाराच्या डाळिंबात फवारणी करताना घरटे दिसले तर ते एक झाड वगळता येते. घरटे सापडले तर दिवसातून चार वेळा फांदी वाकवून मोबाइलवर फोटो काढू नका. तुम्ही वाकवलेली फांदी पुन्हा पहिल्यासारखी बसत नाही, आणि कावळा तुमच्याकडे पाहत असतो.

पिल्लू जमिनीवर सापडले तर? पंख फुटलेले असतील तर ते बहुधा पडलेले नसते, निघालेले असते. मांजराला हाकला, पिल्लाला जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि बाजूला व्हा. आई-बाप त्याला आवाजावरून शोधतात. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते हा समज खोटा आहे. घरी आणून दूध-पोळी भरवणे मात्र त्याला मारणेच आहे. पक्ष्यांना दूध पचत नाही.

बुलबुल पाळता येतो का, असाही एक प्रश्न असतो. नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्याखाली बुलबुल पकडणे, पाळणे गुन्हा आहे. पूर्वी त्याच्या झुंजी लावत. आसामात हाजोच्या हयग्रीव माधव मंदिरात माघ बिहूला अशा झुंजींची जुनी परंपरा होती. मध्यंतरी ती बंद पडली, २०२४ च्या जानेवारीत राज्य सरकारच्या नियमावलीनुसार पुन्हा सुरू झाली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गुवाहाटी उच्च न्यायालयाने ती नियमावलीच रद्द केली.

आमच्या मेंदीतली ती जोडी भारद्वाज येऊन गेल्यावर दोन दिवस तिथेच घोटाळत राहिली. मग दिसेनाशी झाली. ऑगस्टच्या अखेरीस शेजारच्या वस्तीवर, जुन्या शेराच्या कुंपणात, खुंट्या शेपटीची दोन पिल्ले एका फांदीवर चिकटून बसलेली मी पाहिली. तीच जोडी होती की दुसरी, हे सांगता येणार नाही. शेजाऱ्यांनी त्या दिवाळीनंतर तारेचे कुंपण घालायचे ठरवले होते. पाडव्याला फराळाला गेलो तेव्हा मी विषय काढला. तार त्यांनी घातली, पण शेराच्या बाहेरच्या अंगाने.